जुनी पिकअप घ्यावी की नवी?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात क्रेटनं भरलेल्या पिकअपची रांग लागते. त्या रांगेत बारा वर्षं राबलेली गाडी असते आणि तिच्याच मागे बॉनेटवरचा हारही न सुकलेली कोरी गाडी. भाडं दोघींना सारखंच मिळतं, कारण माल पाठवणारा क्रेट मोजतो, मॉडेल विचारत नाही. मग दुपटीहून जास्त पैसे घालून नवी का घ्यायची? आणि जुनी एवढी परवडत असेल तर लोक हप्ते फेडत नवी का घेतात?

दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गाडी दिवसभर कशी धावते यावर सगळं अवलंबून आहे. ते समजून घ्यायला आधी बॉनेटखाली काय बदललं ते पाहू.

आरसीवरचं साल काय सांगतं?

देशभरात गाड्यांच्या प्रदूषणाचा बीएस-३ निकष १ एप्रिल २०१० पासून, बीएस-४ हा १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. (मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांत बीएस-४ आधीच, २०१० मध्ये आला होता.) बीएस-५ हा टप्पा आलाच नाही; सरकारनं ती पायरी गाळली. बाजारात फिरणाऱ्या डिझेल पिकअप त्यामुळे ढोबळमानानं तीन पिढ्यांच्या आहेत.

पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत मेकॅनिकल पंप असतो. इंजिनच्या फिरण्यावरच तो चालतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या नोझलला पाळीपाळीनं डिझेल ढकलतो. दाब साधारण दोनशे बारच्या आसपास गेला की नोझलमधली स्प्रिंग उचलते आणि डिझेलचा फवारा आत जातो. सगळा कारभार तार, स्प्रिंग आणि दट्ट्याचा. पाना आणि अनुभव असलेला तालुक्याच्या गावचा मिस्त्री ती गाडी उघडू शकतो.

दुसऱ्या पिढीत कॉमन रेल रूढ झालं. पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरून ठेवतो. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. कोणत्या क्षणी, किती आणि किती वेळा फवारा मारायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो आणि इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतो. आवाज घटला, ओढ वाढली, धूर कमी झाला. पण इंजेक्टरमधल्या फटी इतक्या बारीक असतात की डिझेलमधलं पाणी किंवा रॉकेलची भेसळ जुना पंप काही काळ खपवून घ्यायचा, तसं हा इंजेक्टर खपवून घेत नाही.

तिसऱ्या पिढीत, म्हणजे बीएस-६ मध्ये, खरा बदल सायलेन्सरच्या बाजूला झाला. निवाड्याचा मुद्दा इथेच आहे, म्हणून तो सावकाश पाहू.

धुराच्या वाटेवरचं चाळण

बीएस-६ डिझेलमध्ये इंजिनातून निघालेला धूर आधी एका उत्प्रेरकातून जातो. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन जळून जातं. पुढे डीपीएफ लागतो. हे सिरॅमिकचं चाळण असतं आणि त्याच्या बारीक वाहिन्या एकाआड एक बंद केलेल्या असतात. धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी काही गाड्यांत आणखी एक उत्प्रेरक असतो, तर काहींत डीईएफची, म्हणजे ३२.५ टक्के युरिया असलेल्या पाण्याची वेगळी टाकी.

अडकलेली काजळी जाळावी लागते. हायवेवर भरलेली गाडी तास-दीड तास सलग धावली की धूर तापतो आणि बरीचशी काजळी आपोआप जळते. तेवढ्यानं भागलं नाही तर ईसीयू स्वतः कामाला लागतो. तो थोडं जादा डिझेल उशिरानं सोडतो, चाळणाचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात. तिला काही मिनिटं सलग गाडी चालावी लागते.

आता गल्लीबोळात फिरणारी पिकअप डोळ्यांसमोर आणा. दोन किलोमीटर गेली, थांबली. इंजिन बंद, माल उतरला, पुन्हा तीन किलोमीटर. धूर तापायच्या आत गाडी थांबते. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यावर तुटतं. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष झालं की गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते. चढावर ओढत नाही. मग वर्कशॉपला नेऊन स्कॅनर लावून रीजनरेशन करून घ्यावं लागतं. तेही जमलं नाही तर चाळण काढून साफ करायचं किंवा बदलायचं, आणि तो खर्च मोठा असतो. त्यातच अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला जादा सोडलेल्या डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नये; ते पातळ झालेलं असतं.

बिघाडाचा स्वभाव

जुनी गाडी वारंवार कुरकुर करते, पण सांगून-सवरून. नोझल ढिला झाला तर काळा धूर आणि ॲव्हरेजमध्ये घट. रिंग झिजल्या तर निळा धूर आणि ऑइल खाणं. तशा अवस्थेतही ती बहुधा माल पोचवून घरी येते. पार्ट स्वस्त असतो, मिळतो, आणि मिस्त्री गावात असतो.

नवी गाडी क्वचित बिघडते. पण एखादा सेन्सर किंवा वायरिंगचा सॉकेट गेला तर ती भर रस्त्यात हळू होते किंवा सेल्फच घेत नाही. दोष बारीक असला तरी तो शोधायला स्कॅनर लागतो आणि स्कॅनर जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. वॉरंटी आहे तोवर हा त्रास निव्वळ वेळेचा. वॉरंटी संपली की पैशांचाही.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. आपापले घालून पाहावेत. समजा नवी पिकअप रस्त्यावर यायला १० लाख लागले. दीड लाख भरले, साडेआठ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं. हप्ता सुमारे १८,५०० रुपये. पाच वर्षांत डाउन पेमेंट धरून १२ लाख ६० हजार गेले. मग ती ५ लाखांना विकली, तर गाडीनं खाल्ले ७ लाख ६० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ५२ हजार.

जुनी साडेचार लाख रोख देऊन घेतली आणि पाच वर्षांनी पावणेदोन लाखांना गेली, तर वर्षाला ५५ हजार. रोख रकमेवरचं बँकेचं व्याज दोन्हीकडे सोडून दिलं आहे. फरक वर्षाला ९७ हजारांचा.

आता हा फरक फेऱ्यांवर पसरा. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्याला तो किलोमीटरमागे २ रुपये ७० पैसे पडतो. महिन्याला १,००० किलोमीटर धावणाऱ्याला ८ रुपये. पहिल्या माणसाची जुनी गाडी वर्षाला दुरुस्तीत ४५ हजार जास्त खाते, वीस दिवस जास्त उभी राहते आणि दिवसाला २,००० रुपये निव्वळ कमाई बुडते, असं धरा. झाले ८५ हजार. लिटरमागे एक किलोमीटर कमी दिला, १४ ऐवजी १३, तर ९० रुपयांच्या भावानं आणखी १८ हजारांचं डिझेल. बचत संपली, वर मोठं गिऱ्हाईक वेळेवर माल न पोचल्यामुळे तुटायची धास्ती. कमी धावणाऱ्या दुसऱ्या माणसाचा हाच जादा खर्च एकतृतीयांश धरला तर पस्तीस हजारांच्या आत राहतो. त्याला जुनीच परवडते.

आधीच्या मुद्द्याशी हे जुळतं. लांबच्या, सलग फेऱ्या करणाऱ्याला नवी गाडी पैशांतही परवडते आणि तिचं चाळणही साफ राहतं. थोडं आणि तुकड्यातुकड्यानं धावणाऱ्याला ती दोन्हीकडून महाग.

कागदांचा खर्च

मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षं उलटलेल्या व्यावसायिक गाडीवर महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो, आणि गाडी जुनी होत जाईल तशी फिटनेसची फीही चढते. म्हणून सातव्या-आठव्या वर्षातल्या गाडीची किंमत ठरवताना हे पैसे विकणाऱ्याकडून वजा करून घ्यावेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीच्या नव्या किमती सांगून कुणी जुनीचा भाव चढवत असेल तर त्याला ही आठवण द्यावी. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, तेव्हा आरसीवरचा तो आकडाही वाचावा.

जुनी बघायला जाताना

सकाळी जावं आणि आधी कळवावं, की आपण येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर गाडी आपल्यासाठी तापवून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर ऑइलची साय आहे का पाहावं. मग सेल्फ मारून धूर बघावा. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला पाहिजे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच ठेवावं. ते नुसतं थरथरलं तर ठीक. भसाभस वाफ येऊन झाकण उडायला लागलं तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, आणि इंजिनचं काम जवळ आलं आहे.

त्यानंतर गाडीखाली वाकावं. मागच्या पाट्यांची संख्या मोजावी. कंपनीच्या पाट्यांवर वेगळ्या रंगाचा जादा पाटा घातलेला दिसला तर ती पासिंगपेक्षा जास्त माल ओढत आली आहे. पाटे चासीला जिथे अडकतात त्या हँगरभोवती वेल्डिंगची ताजी ठिगळं शोधावीत. कोकण किनाऱ्याची किंवा मासळीची गाडी असेल तर हौद्याची फळी उचलून खालचं लोखंड टोकरून पाहावं. खारं पाणी तिथून खायला लागतं. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेली चासी नाही. शेवटी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि ई-चलान किती थकली आहेत हे परिवहनच्या साइटवर स्वतः पाहावं.

जुनी बीएस-६ घ्यायची असेल तर

इथे धुरावरून काही कळत नाही. चाळण सगळं लपवतं. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागून इंजिन सुरू होताच विझतात का ते पाहावं. एखादा दिवा लागतच नसेल तर तो काढून टाकला असण्याची शंका घ्यावी. स्कॅनर लावून डीपीएफमध्ये काजळी किती आहे आणि रीजनरेशन किती वेळा तुटलं हे वाचून घ्यावं. काही ठिकाणी चाळण पोखरून नुसती नळी ठेवतात आणि ईसीयूला फसवतात. ते बेकायदा आहे, पुढच्या पासिंगला गळ्याशी येऊ शकतं, आणि दुरुस्तीचा बोजा नव्या मालकावर पडतो. ऑइल मात्र कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच भरावं, कारण साध्या ऑइलची राख चाळणात कायमची बसते. ती रीजनरेशननं जळत नाही.

मग कोणती?

शेतमाल घेऊन आठवड्यातून चार वेळा शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्यानं नवी घ्यावी, हप्ता भाड्यातून सुटतो का ते मांडून. स्वतःची शेती किंवा दुकान सांभाळून अधूनमधून गाडी काढणाऱ्याला २०१७ ते २०२० मधली, चांगली राखलेली बीएस-४ बहुधा पुरते: कॉमन रेलची ओढ आहे आणि सहसा चाळणाची कटकट नाही. शहरात दिवसभर थांबत-थांबत माल वाटणाऱ्यानं डिझेलचा हट्ट सोडून सीएनजी पिकअप पाहावी. तिला डीपीएफ नसतो, फक्त टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते.

आणि ठरत नसेल तर महिनाभर भाड्याच्या गाडीनं काम भागवून वहीत तीन रकाने आखावेत: किती किलोमीटर, किती माल, किती वेळा थांबलो. शोरूममधल्या माणसाला आणि एजंटाला विचारण्याआधी ती वही वाचावी.