ऊन पाण्याचे झरे आणि पायाखालची भूमि

लोकलनें बदलापूर सोडून वांगणीकडे जातांना उजव्या हातास माथेरानचे कडे दिसूं लागतात. पावसाळ्यांत त्यांवरून धबधबे कोसळतात. पण उन्हाळ्यांत पाहिलें तर त्यांवर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीं एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाचे ते थर होत. या भागांत विहीर खणणाऱ्यास ठाऊक असतें कीं, अखंड काळ्या पाषाणांत पाणी लागत नाहीं. तें लागतें भेगांत, मुरमांत किंवा झिजलेल्या, भोकाभोकांच्या दगडांत. विहिरीच्या या अनुभवांतच आजच्या विषयाचें बीज आहे.

वांगणीच्या वायव्येस, तानसा नदीच्या कांठीं, वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथें याच जातीच्या खडकांतून ऊन पाणी वर येतें. असे झरे कोंकणांत पालघरपासून राजापुरापर्यंत सह्याद्रीला समांतर विखुरलेले आहेत; उन्हवऱ्याचें पाणी तर सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत उष्ण असतें. भाविक तेथें स्नान करितो. अभियंता विचारतो कीं, या उष्णतेपासून वीज कां काढूं नये? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : खालचें पाणी उपसलें, तर वरची जमीन जागच्या जागीं राहील काय?

भूमीखालचा खडक सर्वस्वीं भरीव नसतो. त्याच्या रंध्रांत व भेगांत पाणी असतें. वरच्या थरांचें ओझें कांहीं अंशीं दगडाचा सांगाडा पेलतो व कांहीं अंशीं पाण्याचा दाब. दाब उतरला कीं पाण्याच्या वांट्याचें ओझें सांगाड्यावर येतें. तो दबतो आणि जमीन खचते. दाब चढला कीं सांगाडा सैल होतो आणि जमीन वर उचलते. हें किती प्रमाणांत घडावें, तें मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतें.

पहिली गोष्ट खडकाचा कठीणपणा. ओला स्पंज हातानें पिळतां येतो, ओली वीट पिळतां येत नाहीं. दुसरी गोष्ट, रंध्रें एकमेकांस जोडलेलीं आहेत कीं नाहींत. असलीं, तर दाबांतला फरक लवकर दूरवर पोंचतो. नसलीं, तर चिकणमातीसारखा थर वर्षानुवर्षें हळूहळू पाणी सोडतो आणि उपसा थांबल्यावरहि जमीन खचत राहते. तिसरी गोष्ट पाण्याची अवस्था. उकळीस आलेलें पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षां तिपटीहून अधिक सहजपणें वाहतें. शिवाय तेवढें तापतांना तें सुमारे ४ टक्के फुगतें. बंदिस्त जागेंत हें फुगणें दाबाच्या रूपानें प्रकट होतें. त्याची वाफ झाली, तर ती मात्र उशीसारखी दबते व दाबाचे चढउतार सौम्य करिते.

या तीन गोष्टींचीं फळें जगांत निरनिराळ्या ठिकाणीं दिसलीं आहेत. न्यूझीलंडमध्यें वाइराके येथें १९५८ सालीं भूगर्भांतील उष्णतेवर वीजनिर्मिति सुरू झाली. पुष्कळ वर्षें उपसलेलें पाणी परत जमिनींत सोडलें जात नसे. वरच्या भागांत गाळाचे व ज्वालामुखीच्या राखेचे मऊ थर होते. दाब उतरतांच ते दबूं लागले, आणि एका ठिकाणीं जमीन कालांतरानें सुमारे १५ मीटर खचली. जवळच्या दरींतलीं उष्ण पाण्याचीं कारंजींहि निमालीं.

इटलींत नेपल्सजवळ पोत्सुओली येथें याच्या उलट प्रकार घडला. १९८२ ते १९८४ या काळांत तेथील जमीन सुमारे पावणेदोन मीटर वर उचलली, आणि हजारों लोकांस घरें सोडावीं लागलीं. जर्मनींतील श्टाउफेन गांवीं तर २००७ सालीं नगरगृह उबदार ठेवण्यासाठीं सुमारे १४० मीटर खोल विंधनें घेतलीं. त्यांतून पाणी निर्जल खनिजाच्या थरांत शिरलें. त्या खनिजाचें जिप्सम बनून तें फुगलें. जमीन अर्ध्या मीटरहून अधिक वर आली आणि अडीचशेंहून अधिक इमारतींना तडे गेले.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. येथें जिवंत ज्वालामुखी नाहीं. पावसाचेंच पाणी खोल भेगांत उतरतें, पृथ्वीच्या स्वाभाविक उष्णतेनें तापतें व हलकें होऊन वर येतें. खडक कठीण आहे आणि पाणी भेगांपुरतेंच आहे. म्हणून वाइराकेसारखी जमीन येथें खचेल असें मानण्यास आधार दिसत नाहीं.

परंतु कठीण खडकाचाहि एक दुर्गुण आहे. तो सहजासहजीं दबत नाहीं. पण जुन्या भेगेवर एकाएकीं सरकूं शकतो. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगरला सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला व सुमारे १८० माणसें दगावलीं. जलाशयाचें ओझें आणि त्यांतून खोल भेगांत पोंचलेला पाण्याचा दाब यांनीं त्यास चालना दिली, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पाण्यानें भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर ढकलल्या कीं त्यांमधलें घर्षण कमी होतें. हें प्रत्यक्ष तपासतां यावें म्हणून कोयनेच्या परिसरांत गोठणे येथें २०१७ सालीं ३,००० मीटर खोल विंधन पुरें करण्यांत आलें.

येथें खरी अडचण ध्यानांत येईल. उपसलेलें पाणी परत जमिनींत सोडा, हा वाइराकेचा धडा. तें कोणत्या भेगेंत व किती दाबानें सोडतां हें पाहा, हा कोयनेचा धडा. कोंकणांतल्या झऱ्यांजवळ यंत्र बसवावयाचें झालें, तर दोन्ही धडे एकदम ध्यानीं ठेवावे लागतील. त्यासाठीं काम सुरू होण्यापूर्वीं कांहीं वर्षें जमिनीची पातळी, झऱ्यांचें तापमान व प्रवाह, आणि भूमीचे बारीकसारीक धक्के मोजून ठेविले पाहिजेत. आज उपग्रहावरील रडार जमिनीचें कांहीं मिलिमीटरांचें हालणेंहि टिपूं शकतें. पूर्वींचें माप हातीं नसेल, तर पुढें घराच्या भिंतीस तडा गेल्यावर त्याचें कारण कोणास सांगतां येणार नाहीं, आणि कुंड आटलें तरी दाद कोणाकडे मागावी हें कळणार नाहीं. शहाणा शेतकरी आधीं खडक पाहतो आणि मग विहिरीस हात घालतो. ऊन पाण्याच्या बाबतींतहि याच क्रमानें जाणें हिताचें आहे.