जूनचा लोंढा धरणातच राहतो

रहिमतपूरच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या कृष्णेचं पाणी रहिमतपूरच्या पावसाचं नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, रहिमतपूरच्या शिवारात हजारही पडत नाही. पूर यायचा तो घाटमाथ्यावरून. आता त्या वाटेवर कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर आणि उरमोडी नदीवर उरमोडी ही धरणं आहेत. तिन्हींची साठवण मिळून ३३ टीएमसीच्या वर जाते.

धरणाने पाणी अडवलं की नदी आटते, एवढंच आपण धरून चालतो. खरं तर बरंचसं पाणी खाली येतंच, पण तारीख बदलून. जूनमध्ये धरणं तळाला गेलेली असतात, त्यामुळे मृगा-आर्द्राचा लोंढा त्यांच्याच पोटात जातो. सांडव्यावरून पाणी सुटतं ते बहुधा जुलैअखेर किंवा ऑगस्टात. पुढे रब्बी-उन्हाळ्याची आवर्तनं येतात, बंधाऱ्यांना बर्गे लागतात आणि वाहती नदी तळ्यांची माळ होऊन बसते.

माणसाला हे सोयीचं आहे. उसाला पाणी मिळालं, गावांच्या नळयोजना चालल्या. पण चढणीच्या माशांना जूनचाच लोंढा हवा असतो. पाण्याची वाढ, गढूळपणा आणि तापमानातला बदल जाणवला की ते अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात. खडस म्हणजे आपला दख्खनी महसीर याच जातकुळीचा. त्याला खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. साचलेल्या पाण्यात फोफावते ती परदेशातून आणलेली चिलापी. नदी सुरय हा पक्षी तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. ऐन तेव्हा आवर्तन सुटलं, की घरटं गेलं.

वाळूचीही तीच गत. गाळ जलाशयात बसतो आणि खाली येणारं नितळ पाणी आपली तूट पात्रातून, काठातून भरून काढतं. त्यात बेसुमार उपसा. काठच्या मळीच्या जमिनी पुरानेच घडवल्या, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि महापूर? तो थांबला नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. भरलेलं धरण मोठा पूर फारसा पेलू शकत नाही. गेले ते दरवर्षीचे, नदीला हवे असलेले मध्यम पूर.

अमेरिकेत कोलोराडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ साली आठवडाभर ४५ हजार क्युसेक पाणी सोडून मुद्दाम पूर आणला गेला, वाळूचे काठ पुन्हा घडावेत म्हणून. आपल्याकडे दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१०च्या निवाड्यात नदीच्या किमान प्रवाहासाठी महाराष्ट्राच्या वाट्यात ३ टीएमसी धरले. वर्षभर सारखे वाटले तर ते जेमतेम ९५ क्युसेक होतात, म्हणजे उन्हाळ्यात पात्र ओलं राहण्यापुरते. तेच पाणी तीन दिवसांत सोडलं, तर साडेअकरा हजार क्युसेकचा लोंढा उठतो. माशांसाठी तो जूनअखेर हवा. नेमकं तेव्हाच धरण रिकामं असतं, आणि पेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘हे पाणी माशांचं’ म्हणून सांगायला कोणताही अभियंता धजणार नाही. त्यातल्या त्यात मार्ग एकच दिसतो. पाऊस वेळेवर लागलेल्या वर्षी धोम निम्मं भरेपर्यंत न थांबता आवकेचा एक हिस्सा तसाच पुढे जाऊ द्यायचा, आणि तो किती असावा हे धरण चालवण्याच्या नियमावलीत आधीच लिहून ठेवायचं.