बाबासाहेबांच्या घराजवळची टेकडी

लंडनला निघाले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी विचारले, "मावशी, राणीचा राजवाडा बघणार का हो?" मी म्हटले, "राजवाडा राहू द्या. आधी बाबासाहेबांचे घर बघणार."

माझी लेक तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. आमचे हे परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बाबासाहेब लंडनला ज्या घरात राहिले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची फार इच्छा होती. ते काही जमले नाही. त्यांच्या वाटचेही मीच बघून यावे, एवढ्यासाठी लेकीने मला बोलावून घेतले.

घर आणि आगगाडी

भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म नावाचे स्टेशन आहे. बाहेर आलो तर जवळच एक मोठी गोल इमारत दिसली. जावईबापू म्हणाले, "आई, हे राउंडहाउस. १८४७ साली रेल्वेने इंजिने फिरवून उभी करायला बांधलेली शेड. आता इथे नाटके आणि गाण्याचे कार्यक्रम होतात." मी थबकलेच. आमच्या ह्यांचे सारे आयुष्य लोखंडात आणि तेलात गेले. बाबासाहेबांच्या घराची वाट अशा रेल्वेच्या शेडवरून जाते, हे ऐकून ते किती खूश झाले असते!

रूळ ओलांडून पलीकडे गेले की किंग हेन्रीज रोड लागतो. त्यावर १० नंबरचे घर. विटांचे, मजल्यामजल्यांचे, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. याआधी १९१६ साली ते शिकायला लंडनला आले होते, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा इथे आले. या शहरातच त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी तिथे स्मारक झाले. घराचे संग्रहालय करण्याच्या परवानगीवरून तिथल्या नगरपालिकेशी वाद झाला. शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत. मी हात जोडून उभी राहिले. ह्यांचा पासपोर्ट आकाराचा फोटो पाकिटात आणला होता, तो बाहेर काढला आणि खोलीभर फिरवला. नातू बघत होता. काही बोलला नाही.

"तिकीट किती?"

घर पाहून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, पाच-सात मिनिटांवर बाग आहे. डबा तिथेच खाऊ."

बागेचे नाव प्रिमरोझ हिल. फाटकापाशी मी आपोआप थांबले आणि विचारले, "तिकीट किती?" लेक हसली. "तिकीट नाही गं. चल आत."

ती हसली, पण मला हसू आले नाही. मी लहान असताना आमच्या गावात एक बाग होती. तिथला रखवालदार आम्हा पोरींना दारातच विचारायचा, "कुठल्या आळीच्या गं तुम्ही?" आळीचे नाव सांगितले की परत फिरायचे. कायदा तेव्हा आमच्या बाजूने होता. पण नऊ वर्षांच्या पोरीला कायदा कुठे ठाऊक असतो? बागेच्या दारात पाय अडखळायची ती सवय साठ वर्षे माझ्या अंगात राहिली आहे.

टेकडी फार उंच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३ मीटर. पण माथ्यावर पोहोचलो आणि सारे लंडन समोर पसरले. सेंट पॉल चर्चचा घुमट, काचेचे उंच मनोरे, मोठा फिरता पाळणा. गवतावर कुणी झोपलेले, कुणी पोरांना पतंग शिकवत होते. काळे, गोरे, सावळे, बुरखेवाल्या बाया, कुत्री घेऊन आलेल्या म्हाताऱ्या. आमच्याकडे कुणी वळूनही बघितले नाही. आम्ही चादर पसरली आणि चपाती-भाजी सोडली.

बाग लोकांची कशी झाली?

जावईबापूंना इतिहासाची आवड. त्यांनी सांगितले ते ऐकून मी डब्यातला घास खाली ठेवला.

ही टेकडी आधी लोकांची नव्हतीच. इथली जमीन ईटनच्या प्रसिद्ध शाळेच्या मालकीची होती. ती शाळा सहाव्या हेन्री राजाने १४४० साली काढली, त्यावरून किंग हेन्रीज रोड हे नाव. १८३७ मध्ये इथून लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे निघाली, तेव्हा शाळेच्या जमिनीला धक्का लागू नये म्हणून रेल्वेला बोगदा खणावा लागला. पुढे या टेकडीवर स्मशानभूमी करायचाही बेत निघाला होता. लोकांनी विरोध केला. अखेर राजसत्तेने ईटनला दुसरी जमीन देऊन टेकडी घेतली आणि १८४२ च्या कायद्याने ती सर्वांसाठी खुली झाली. खालच्या गल्ल्यांतून रेल्वे कामगार राहत. इंजिनांच्या धुराने घरे काळी पडत. त्या माणसांना मोकळी हवा मिळायची ती या गवतावरच.

पण बसायला जागा मिळाली म्हणजे बोलायला मिळाली असे नाही. २३ एप्रिल १८६४ रोजी शेक्सपिअरच्या जन्माला ३०० वर्षे झाली. कामगारांच्या समितीने या टेकडीवर ओकचे झाड लावायचे ठरवले. मोठा जमाव जमला, झाड लागले. त्यानंतर कामगारांनी तिथेच सभा सुरू केली. इटलीचा स्वातंत्र्यवीर गॅरिबाल्डी इंग्लंडला आला होता, आणि त्याला घाईने परत पाठवले, असा त्यांचा राग होता. पोलिसांनी सभा मोडून काढली.

नातवाने विचारले, "आजी, झाड लावलेले चालते आणि बोललेले का चालत नाही?"

मी म्हटले, "झाड प्रश्न विचारत नाही ना बाळा."

त्या सभेचे अध्यक्ष होते एडमंड बील्स नावाचे वकील. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, कामगारांना मताचा हक्क मिळावा म्हणून रिफॉर्म लीग ही संघटना उभी राहिली आणि बील्सच तिचे अध्यक्ष झाले. २३ जुलै १८६६ रोजी लीगचा मोर्चा हायड पार्कवर गेला. सरकारने फाटके बंद केली. लोकांनी लोखंडी कठडे हलवून हलवून पाडले आणि आत शिरले. ६ मे १८६७ रोजी सरकारची मनाई मोडून त्याच बागेत प्रचंड सभा झाली. गृहमंत्री वॉलपोल यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच साली कायदा झाला आणि शहरांतल्या पुष्कळ कामगारांना मत मिळाले. १८७२ च्या कायद्याने बागांतल्या सभांना नियम लागले, आणि त्यातूनच हायड पार्कचा 'स्पीकर्स कॉर्नर' पक्का झाला. बायकांना मात्र १९१८ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही मत मिळाले ते तीस वर्षांवरच्या काही बायकांनाच. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले १९२८ साली.

आपले मत

चादरीवर बसून मी हिशेब करत होते. टेकडीवरची सभा मोडल्यापासून चौसष्ट वर्षांनी तिथल्या बायकांना पुरुषांइतके मत मिळाले. आणि आपल्याला? बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. पुढे याच लंडनमध्ये गोलमेज परिषदेत त्यांनी प्रौढ मताधिकाराची बाजू मांडली. आणि आपल्या संविधानाने तो हक्क सर्वांना एकाच वेळी दिला. पुरुषाला आणि बाईला, शिकलेल्याला आणि अडाण्याला, गिरणीच्या मालकाला आणि झाडूवाल्याला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत माझ्या आईने मत दिले. तिला सही येत नव्हती. बागेच्या दारातून तिची पोर परत फिरवणारा रखवालदार आणि ती, दोघांची मते सारखीच मोजली गेली.

मग प्रश्न पडतो, आपण त्या मताचे मोल ओळखतो का? निवडणुकीच्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून झोपून राहणारे, नोटेवर मत विकणारे आपल्यात नाहीत का? ज्या हक्कासाठी इथल्या मजुरांनी लोखंडी कठडे उपटले, तो आपल्याला एका माणसाच्या अभ्यासाने आणि कष्टाने मिळाला. तो माणूस या टेकडीच्या पायथ्याशी, भाड्याच्या खोलीत, रात्र-रात्र पुस्तकांत डोके घालून बसला होता.

१८६४ चे झाड आता नाही. त्याच्या जागी १९६४ मध्ये दुसरा ओक लावला आहे. उतरताना मी त्याच्याखाली जरा टेकले.

ज्यांची मुले तिकडे आहेत, ज्यांना जाण्याचा योग येईल, त्यांनी बाबासाहेबांचे घर बघून लगेच टॅक्सीत बसू नये. डबा घेऊन टेकडीवर जावे. मुलांना माथ्यावर बसवून ही हकीकत सांगावी. ज्यांना जाता येणार नाही त्यांनी आपल्या गावच्या बागेत जावे. तिथेही फाटकाशी न अडखळता आत शिरावे.

मी परत आल्यावर तेच केले. नऊ वर्षांची असताना जिथून परतले होते, त्या बागेत जाऊन बसले. रखवालदार आता दुसरा आहे. त्याने विचारले, "आजी, पाणी हवंय का?"

जयभीम.