आवाज गेला म्हणून फॉरमॅट कशाला?

लॅपटॉपचा आवाज बंद पडला की दोन सल्ले हमखास मिळतात. नेटवरून नवा साउंड ड्रायव्हर उतरवून घ्या, नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घ्या. ड्रायव्हर जितका ताजा तितका चांगला, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे आणि आवाजाच्या बाबतीत तीच फसवते. इंटेलने २००४ साली आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ या मानकावर आजही असंख्य लॅपटॉप चालतात. आकड्यांतला आवाज स्पीकरला कळेल अशा विद्युतलहरींत बदलणारी कोडेक नावाची चिप मदरबोर्डवर असते. पुष्कळदा ती तैवानच्या रिअलटेकची. पण तिची कोणती पिन स्पीकरला जोडायची, कोणती हेडफोनच्या जॅकला, अ‍ॅम्प्लिफायर कधी चालू करायचा, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी मॉडेलगणिक ठरवते. चिप तीच, जोडणी वेगळी. म्हणून चिपचं नाव पाहून उतरवलेला सर्वांत नवा ड्रायव्हर बिनचूक इन्स्टॉल होऊनही स्पीकर मुका राहू शकतो.

याचा पुरावा तुमच्याच मशीनमध्ये आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडी उघडा. ‘व्हेन’पुढचे १०ईसी म्हणजे रिअलटेक. ‘सबसिस’पुढची पहिली चार अक्षरं लॅपटॉप कंपनीची: डेलची १०२८, एचपीची १०३सी, लेनोवोची १७एए. उरलेली चार मॉडेलकडे बोट दाखवतात. लिनक्सच्या रिअलटेक ड्रायव्हरमध्ये तर एकेका मॉडेलच्या जोडणीसाठी केलेल्या दुरुस्त्यांच्या शेकडो नोंदी आहेत. ड्रायव्हर सर्वांसाठी एकच पुरला असता, तर ही मेहनत कोणी घेतलीच नसती.

मग विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर अनेक लॅपटॉपवर कसा चालतो, असं कोणी विचारेल. प्राथमिक काम मानकाने ठरवून दिलंय म्हणून. त्यामुळे तो तपासासाठी फार उपयोगी आहे: अपडेट ड्रायव्हरमधल्या यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडल्यावर आवाज परतला, तर दोष आधीच्या ड्रायव्हरचाच. मात्र इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये माइक प्रोसेसरमधल्या ध्वनी-विभागाला जोडलेला असतो. तिथे इंटेलचा स्मार्ट साउंड ड्रायव्हर सोबत लागतो, नाहीतर आवाज येतो आणि मीटिंगमध्ये तुमचं बोलणं कोणालाच ऐकू जात नाही.

मुळात ड्रायव्हर दोषी आहे का, हे आधी ठरवायला हवं. एचडीएमआयने टीव्ही जोडला किंवा ब्लूटूथ इअरफोन पलीकडच्या खोलीत चालू राहिला, तरी लॅपटॉप गप्प होतो. कारण आवाज तिकडे गेलेला असतो. यूएसबी हेडसेटमध्ये आवाज येत असेल, तर विंडोजची ध्वनियंत्रणा चालू आहे आणि संशय कोडेक, त्याचा ड्रायव्हर, जॅक किंवा स्पीकरपुरता उरतो. अपडेटनंतरच बिघाड झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पहिला उपाय. तो साधला नाही, तर कंपनीच्या साइटवर सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

सुरक्षेसाठी सगळं अद्ययावत ठेवायला सांगतात, मग जुन्याला का चिकटायचं, हा आक्षेप वाजवी आहे. अपडेट जरूर घ्यावेत. विंडोज अपडेटकडून किंवा कंपनीकडून. पण फुकटात सगळे ड्रायव्हर ताजे करून देणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाळावीत, कारण ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालू शकतो. भलत्याची फाइल तिथे घेणं म्हणजे त्याला तिजोरीची किल्ली देणं. दुरुस्तीवाल्याची अडचणही खोटी नाही. शोध किती लांबेल सांगता येत नाही, फॉरमॅटला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक असतं. पण फॉरमॅटनंतरही मॉडेलचा ड्रायव्हर शोधावा लागू शकतोच, आणि बॅकअप नसलेले फोटो मात्र गेलेले असतात.

तरीही उलगडा झाला नाही, तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप चालू करून पाहावा. आवाज आला तर स्पीकर शाबूत आहे. नाही आला तर लगेच निष्कर्ष काढू नये, त्या मॉडेलची नोंद लिनक्समध्ये नसेल. काही कंपन्या लॅपटॉप सुरू होतानाच करायची ध्वनिचाचणी देतात, ती करावी. तिथेही शांतता असेल, तर सुटलेली वायर, जॅकमध्ये अडकलेला सेन्सर किंवा गेलेला स्पीकर तपासायला मशीन उघडावं लागेल. तोवर छोटं यूएसबी साउंड कार्ड आणि साधा हेडफोन यांवर काम भागतं.