शेतजमीन विकत घेण्यापूर्वीं

सुगी आटोपली, कीं ज्यांच्या हातीं चार पैसे शिल्लक राहतात त्यांच्या मनांत जमीन घेण्याचा विचार येतो. मुलाबाळांसाठीं सोनें ठेवावें तशी दोन-तीन एकर जमीन घेऊन ठेवावी, हा विचार वाईट नाहीं. मात्र सोनें पेटींत स्वस्थ बसतें. जमिनीस रोजची राखण लागते. महसूल खात्याच्या कारकुनींत फेरफारांच्या वह्या लिहिण्यांत आमची उमेद गेली. त्या अनुभवावरून कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट कसण्याची. आम्ही राहतों त्या पुण्याच्या सदाशिव पेठेंत एके काळीं पुष्कळ कुटुंबांच्या जमिनी गांवीं असत. मंडळी शहरांत, जमीन कुळाकडे, आणि वर्षाकाठीं खंडाचें धान्य दारांत. पुढें १९४८ चा कुळकायदा आला, व त्यांतील १९५६ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारें कूळच जमिनीचें मालक मानलें गेलें. विधवा, अज्ञान व सैन्यांतील मालकांपुरती मुदत लांबली, इतकेंच. घाम गाळणारास जमीन मिळाली हें योग्यच झालें. परंतु न कसतां जमीन पिढ्यान्‌पिढ्या आपली राहील, हा भरंवसा त्या दिवशीं मोडला. म्हणून जेथें आपला नांगर, निदान आठवड्याची फेरी, पोंचत नाहीं, तेथील जमीन स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

दुसरी गोष्ट कागदांची. चालू सातबारा पाहून समाधान मानणें हा नेहमींचा प्रमाद होय. त्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात; पण नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं. निदान तीस वर्षांचे उतारे व प्रत्येक फेरफार वाचावा. भोगवटादार वर्ग २, कुळकायद्याच्या कलम ४३ ची शर्त, सोसायटीचा बोजा, हें सर्व तेथें उमगतें. क्षेत्र तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान नाहीं ना, हेंही पाहावें.

हें सांगणारे आम्हीच एकदां चुकणार होतों. निवृत्तीच्या रकमेंतून पुरंदर तालुक्यांत आमच्या शेतालगतची दीड एकर जमीन घेण्याचें ठरवून आम्हीं विसारही दिला. विकणारा बाळपणापासूनचा शेजारी; म्हणून जुने कागद पाहिले नाहींत. खरेदीखताच्या आदल्या आठवड्यांत संवयीनें वारसाचा फेरफार उघडला, तों त्यांत केवळ मुलांचीं नांवें. दोन बहिणींचीं नव्हतीं. वडिलांच्या वांट्यांत मुलीस १९५६ च्या वारसा कायद्यानें, व वडिलोपार्जित मिळकतींत २००५ च्या दुरुस्तीनें मुलाइतकाच हक्क आहे. आम्ही थोरल्या बहिणीकडे गेलों. ती विधवा बाई म्हणाली, “दादा, सही मागितली असती तर कदाचित् सोडलेंही असतें. पण मला कोणीं विचारलेंच नाहीं.”

व्यवहार दोन महिने लांबला. भाव थोडा वाढवून द्यावा लागला. बहिणींचे वांटे ठरले, त्या विकणार म्हणून खतावर सही करावयास आल्या, तेव्हांच आम्हीं रक्कम दिली. जमीन महाग पडली. पण त्या बांधावरून चालतांना मान खालीं घालावी लागत नाहीं, आणि आमच्या मुलांच्या मागें दावा लागणार नाहीं.

तिसरी गोष्ट वाट व पाणी यांची. वहिवाटीची वाट कोणीं अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें तहसीलदारांकडे दाद मागतां येते; परंतु मागाहून दाद मागण्यापेक्षां आधींच नकाशा व बांध पाहणें बरें. विहीर पाहावयाची ती वैशाखांत. भाद्रपदांत प्रत्येक विहीर भरलेलीच दिसते. सरकारी मोजणी झाल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये.

शेवटची गोष्ट पैशाची. १८७५ सालीं सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा उठला, त्याच्या मुळाशीं कर्जापायीं हातची गेलेली जमीन हेंही एक कारण होतें. कर्ज काढून घेतलेली जमीन तशीच जाऊं शकते. शिवाय अडचणीच्या वेळीं जमीन चार दिवसांत विकत नाहीं, आणि घाईनें विकणारास भाव मिळत नाहीं. तरी आजारपण व मुलांचें शिक्षण यांची तरतूद आधीं बाजूस ठेवावी, आणि उरेल त्यांतून, आपल्या पायांनीं तुडविलेली व आपल्या डोळ्यांनीं वाचलेली जमीन घ्यावी, इतकीच आमची विनंती.