दाद वेळेवर मिळायला हवी

नावाजलेल्या चित्रकाराभोवती गर्दी जमते. ज्याचं नाव नुकतंच चार लोकांच्या तोंडी येऊ लागलंय, त्याच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस मात्र विरळाच. खरं तर तोच काळ सगळ्यांत अवघड असतो. एखादं बक्षीस मिळालेलं असतं, पण नोकरी सोडण्याचं धाडस होत नाही. रंग आणि कॅनव्हासचा खर्च झेपत नाही. घरचे विचारतात, ‘पुढे काय?’

चित्रकार के. एच. आरा यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1914 साली हैदराबादजवळच्या बोलारमला जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईत आला. लोकांच्या घरी कामं करून, मोटारी धुऊन त्यानं पोट भरलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला. उरलेल्या वेळात चित्रं काढायची. ती चित्रं ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेला पडली. त्यांनी आणि व्हिएन्नाहून मुंबईत आलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी नुसतं ‘वा’ म्हणून विषय संपवला नाही. आरांना शिकायला पाठवलं, त्यांच्या कामाकडे लोकांचं लक्ष वेधलं. 1942 साली आरांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट उभा करणाऱ्यांत आरा होते.

या मंडळींना आणखीही काही माणसांचा आधार मिळाला. एमॅन्युएल श्लेसिंगर हे व्हिएन्नाहून आलेले उद्योजक त्यांची चित्रं विकत घेत. केकू गांधींचा धंदा फ्रेम बनवण्याचा; त्यांनी आपल्या दुकानातच या तरुणांची चित्रं लावायला सुरुवात केली. तेव्हा मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी नव्हती, ती 1952 मध्ये उभी राहिली. म्हणून दुकानातल्या त्या भिंतीचं मोल मला फार मोठं वाटतं. एकानं लिहिलं, एकानं शिकायची सोय केली, एकानं पैसे मोजले, एकानं जागा दिली. प्रोत्साहन म्हणतात ते हे.

आणि आरांनी ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. नाव झाल्यावर मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरचे सचिव म्हणून त्यांनी तरुण चित्रकारांसाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. रझांनीही आपल्या नावाच्या प्रतिष्ठानातून तरुण कलावंतांना मदत सुरू केली. आज ज्यांचं बस्तान बसलंय, त्या चित्रकारांकडून माझी हीच अपेक्षा आहे.

आता नव्यानं नाव मिळवू लागलेल्यांना थोडं सांगतो. एका बक्षिसानं सगळं साधलं असं समजू नका आणि एखाद्या प्रदर्शनातली चित्रं न विकली गेल्यानं खचूही नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं पुरी करत आणि त्याची त्यांनी कधी फिकीर केली नाही. तुमचा वेग तुमचा असू द्या. काम नीट पाहून कुठे कमी पडतंय हे तोंडावर सांगणारा एखादा जाणकार जोडा. कोरड्या कौतुकापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आणि वाचकहो, जहांगीरला प्रवेश मोफत आहे. प्रदर्शन चालू असताना बहुतेक वेळा चित्रकार आपल्या चित्रांजवळच बसलेला असतो. पुढच्या वेळी नुसती चक्कर मारून बाहेर पडू नका. त्याच्याशी बोला, कोणतं चित्र का आवडलं ते नेमकं सांगा आणि ऐपत असेल तर एखादं छोटं रेखाटन तरी विकत घ्या.