बाखचा शाकॉन, गिटारच्या सहा तारांवर

नाशिकच्या कॉलेज रोडला संध्याकाळी चक्कर मारली तर पाठीला गिटारची काळी बॅग अडकवून क्लासला निघालेलं एखादं तरी पोर दिसतंच. बहुतेकांना चार कॉर्ड शिकून हिंदी सिनेमातली गाणी वाजवायची असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. थोडे जण लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांच्या वाटेला जातात. त्यांच्या हाती कधीतरी जी मेजरमधला तो सुप्रसिद्ध मिन्युएट पडतो. बाखने पत्नी आना माग्दालेनाला दिलेल्या १७२५च्या वहीत तो सापडला, म्हणून १९७०च्या दशकापर्यंत बाखच्याच नावावर खपला. प्रत्यक्षात तो ड्रेस्डेनच्या ख्रिस्टियान पेत्झोल्डचा. म्हणजे बरोक संगीताशी पोरांची पहिली ओळख होते तीच चुकीच्या नावाने!

पार्श्वभूमी थोडक्यात उरकून घेऊ. बरोक काळ म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५०. तेव्हाच्या गिटारला आतड्याच्या तारांच्या पाच जोड्या असत. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच १६७४ साली स्पेनमधल्या सारागोसा शहरात गास्पार सान्झचं गिटारशिक्षणाचं पुस्तक निघालं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात रोबेर द व्हिझे गिटार वाजवत होता. जोड्या जाऊन सहा सुट्या तारा आल्या त्या १८००च्या आसपास, आजचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश कारागीर तोरेसने रुळवला आणि नायलॉनच्या तारा तर १९४०च्या दशकातल्या. थोडक्यात, आजची क्लासिकल गिटार बाखने कधी पाहिलीच नव्हती.

आणि तरीही या वाद्याचा एव्हरेस्ट बाखचाच आहे. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या डी मायनर पार्टिटातला, म्हणजे नाचांच्या मालिकेतला, शेवटचा भाग, शाकॉन. हस्तलिखितावर साल आहे १७२०. एकूण २५७ मापं, वाजवायला तेरा ते पंधरा मिनिटं. आधीचे चार नाच एकत्र केले तर जेमतेम एवढे होतील.

आपल्या कानाला शाकॉन परका वाटायचं कारण नाही. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर नगमा फिरत राहतो आणि त्यावर तबलजी कायदे, रेले मांडत जातो. इथेही खालच्या सुरांची एक छोटी चाल फिरत राहते आणि वर बढत होते. तीन मात्रांची चार मापं, म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन, आणि अशी साठाहून अधिक आवर्तनं. गंमत अशी की सुरुवात पहिल्या मात्रेवर होतच नाही. पहिली मात्रा रिकामी, आणि दुसरीवर भरघोस कॉर्ड कोसळतो. शिवाय नगमा धरायला दुसरं कोणी नाही. चार तारांच्या व्हायोलिनने तोही सांभाळायचा आणि वरचं कामही करायचं. व्हायोलिनच्या गजाला चारही तारा एकदम धरता येत नाहीत, म्हणून कॉर्ड फोडून वाजवावे लागतात आणि खालचे सूर बऱ्याचदा सूचित करून सोडून द्यावे लागतात. उरलेलं ऐकणाऱ्याने मनात भरून घ्यायचं.

गिटारवाल्यांना इथेच मोह पडतो. त्यांच्याकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी चार बोटं आहेत. चार सूर एका क्षणी छेडता येतात, आणि अंगठा तर खर्जासाठी मोकळाच असतो.

४ जून १९३५ रोजी पॅरिसमध्ये आंद्रेस सेगोव्हियाने शाकॉन गिटारवर वाजवला आणि या वाद्याची पत बदलली. गिटार म्हणजे दिवाणखान्यात किंवा फ्लामेंकोच्या बैठकीत शोभणारी वस्तू, असं मानणाऱ्यांना ते झणझणीत उत्तर होतं. त्याआधी स्पॅनिश गिटारवादक तार्रेगाने बाखचे छोटे तुकडे गिटारवर आणले होते, पण अख्ख्या शाकॉनला हात घालणं वेगळं. व्हायोलिनच्या चीजेला हात लावला म्हणून सोवळे समीक्षक कुरकुरणार हे उघड होतं. त्यांना उत्तर खुद्द बाखच देऊन ठेवतो. विवाल्डीच्या कॉन्चेर्तोंना त्याने ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डवर नेलं आणि स्वतःचा पाचवा चेलो सूट ल्यूटसाठी पुन्हा लिहून काढला. सोवळं त्यानेच पाळलं नाही, तर इतरांनी का पाळावं?

वाद घालायचाच तर भर किती घालावी यावर घालावा. सेगोव्हियाच्या प्रतीत कॉर्ड भरगच्च आहेत, खर्ज सढळ हाताने घातलेला आहे. पुढच्या पिढ्यांनी त्यातलं बरंच काढून टाकलं. प्रस्तुत लेखकाचं मत या पुढच्या पिढ्यांच्या बाजूचं. बाखने जिथे जागा सोडली आहे तिथे ती राहू द्यावी. एक अडचण मात्र खरी. गजाने सूर हवा तितका लांबवता येतो. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. त्यातून गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली बोलते, त्यामुळे व्हायोलिनवर टोकदार वाटणारं गिटारवर गडद होतं. काही जणांना ती चीजेची हानी वाटते. या लेखकाला तीच आवडते.

वाजवणाऱ्याची तयारी जवळून पाहण्यासारखी असते. आधी सहावी तार ई वरून डी वर उतरवायची. खुंटी सैल करत चौथी मोकळी तार सोबत छेडायची. दोन सुरांमधली थरथर थांबली की लागली. पण उतरवलेली तार थोड्या वेळाने हळूच चढते. म्हणून मुरलेले वादक ती गरजेपेक्षा जास्त उतरवतात, बोटाने ताणतात आणि मग वर आणतात. उजव्या हाताच्या नखांची वेगळी सरबराई. ती बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत ठेवायची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नख तुटलं, तर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवणारे महाभागही जगभर आहेत. पुढे ८९व्या मापापाशी बाख नुसते कॉर्ड लिहितो, वर ‘आर्पेजिओ’ एवढा एकच शब्द, आणि ते कसे उलगडायचे ते वादकावर सोपवतो. व्हायोलिनवाल्याची इथे तारांवरून गज फिरवता फिरवता तारांबळ उडते. गिटारवाल्याला मात्र माहेरी आल्यासारखं वाटतं.

कार्यक्रमात निवेदक हमखास एक गोष्ट सांगतात. १७२०च्या उन्हाळ्यात बाख राजपुत्र लेओपोल्डसोबत कार्ल्सबादला गेला होता. परतला तोवर पहिली पत्नी मारिया बार्बारा वारली होती आणि दफनही उरकलं होतं. ही घटना खरी. त्या शोकातून शाकॉन जन्मला, हे मात्र कागदोपत्री कुठेच सिद्ध होत नाही. शाकॉनच्या मधल्या डी मेजर भागातल्या उजेडासाठी चरित्रातला पुरावा लागतच नाही.

थोडं विषयांतर. हाच सेगोव्हिया मोठा खट्याळ होता. मेक्सिकोच्या मानुएल पोन्सेने त्याच्यासाठी ए मायनरमध्ये एक सूट लिहिला आणि दोघांनी संगनमताने तो सिल्व्हिउस लेओपोल्ड व्हाइस या बाखच्या समकालीन ल्यूटवादकाच्या नावावर खपवला. भल्याभल्यांना पत्ता लागला नाही. दुसरं विषयांतर बाखच्या ई मायनरमधल्या बुर्रे या नाचाचं. ज्या सूटमध्ये हा नाच आहे त्याच्या एका जुन्या नकलेवर ‘लाउटेनवेर्क’साठी असा शेरा आहे. हे ल्यूटच्या सुरात बोलणारं, आतड्याच्या तारांचं पेटीवजा वाद्य. बाखच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत अशी दोन होती. म्हणजे आज गिटारवाले ज्याला ‘आपला’ म्हणतात तो बुर्रे कदाचित ल्यूटचाही नव्हता. पॉल मॅकार्टनीने मात्र त्याच नाचावरून १९६८च्या ‘ब्लॅकबर्ड’ची कल्पना उचलली.

या सगळ्यात आपला वाटा लाकडाचा. ब्राझीलचं रोजवूड दुर्मीळ झालं, १९९२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळपास बंद झाला. तेव्हा जगभरच्या कारागिरांनी गिटारची पाठ आणि बाजू करायला भारतीय शिसव पत्करलं. २०१७ मध्ये त्यावरही परवान्याचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून ज्याचे पलंग, झोपाळे आणि देव्हारे होते, तेच हे शिसव.

स्वरलिपीची पुस्तकं हवी असली की प्रस्तुत लेखक पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठतो आणि सीएसएमटीवरून चालत धोबी तलावच्या फुर्ताडोजमध्ये जातो. १८६५ पासूनचं हे दुकान. गोव्याला गेलं की पावलं जुन्या गोव्याच्या मोंत टेकडीवरच्या चॅपेलकडे वळतात. पाश्चात्त्य संगीताच्या मैफली तिथे होतात. मैफल नसतानाही नुसती टाळी वाजवून पाहावी: दगडी भिंती तो आवाज लगेच सोडत नाहीत. विरणाऱ्या सुराच्या वाद्याला अशी जागा म्हणजे वरदान. आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरात माइकशिवाय हीच गिटार मागच्या रांगांपर्यंत पोचायची नाही.

ऐकायचं असेल तर आधी शाकॉन व्हायोलिनवर ऐकावा, मग सेगोव्हिया, मग ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स. त्यानंतर हॉपकिन्सन स्मिथचा ल्यूटवरचा, आणि हौस उरलीच तर ब्राम्सने पियानोसाठी केलेला. १८७७ मध्ये त्याने तो फक्त डाव्या हातासाठी उतरवला. एका हाताने वाजवलं की आपण व्हायोलिनवादकच आहोत असं त्याला वाटे. तो त्याने पियानोवादक क्लारा शुमानला पाठवला. तिने उलट टपाली कळवलं की नुकताच एक खण उघडताना तिच्या उजव्या हाताचा स्नायू दुखावला होता. डाव्या हाताचं काम तिला आयतंच मिळालं.